गावाची आठवण ही नाशुक्री आहे का?



मागील महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर एका वडिलांनी मला विचारले, "मौलाना, मुलगा रियाधला जाऊन वीस दिवस झाले. रोज फोनवर रडतो. अल्लाहने रोजी दिली आणि हा रडतो. ही नाशुक्री नव्हे का?"

या प्रश्नाचे उत्तर हिजरतच्या इतिहासात आहे. मुहाजिर मदीनेत पोहोचले तेव्हा तेथे तापाची साथ होती. हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने फणफणले. ताप उतरताच बिलाल (रजि.) मक्केच्या दऱ्या, तेथील गवत आणि पाणवठे आठवून व्याकूळ होत. ज्या मक्केत त्यांना तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवला गेला, त्याच मक्केसाठी! हे कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना दटावले नाही. मक्केइतकीच किंवा त्याहून अधिक ओढ मदीनेची लागू दे, अशी दुआ त्यांनी केली. मक्केचे प्रेम काढून घे, असे त्यांनी मागितले नाही.

आपल्याच जंगलात पाहा. 1960च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. नद्यांच्या मुलखातील ही माणसे सागवान-बांबूच्या रानात, गोंड-माडिया शेजाऱ्यांमध्ये आली. त्यांतील बहुतेक हिंदू होती आणि मुस्लिमबहुल देशात भयभीत होऊन निघाली होती. हे आपण मुस्लिमांनी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध गेली तरी द्यावी, असा सूरह निसाचा आदेश आहे. आज चामोर्शी-मुलचेऱ्याच्या अनेक घरांत बंगाली बोलली जाते. म्हणून ते कमी गडचिरोलीकर ठरतात काय?

कोणी म्हणेल, मन मागे राहिले तर नव्या भूमीचे कर्तव्य कसे पार पडेल? हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली, तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी त्यांना बरकतीची दुआ दिली आणि बाजाराची वाट विचारली. पनीर व तूप विकून ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. नव्या भूमीशी नाते श्रमाने आणि शेजारधर्माने जुळते. त्यासाठी जुनी भूमी विसरावी लागत नाही.

त्या वडिलांना मी म्हणालो, "का रडतोस, असे मुलाला विचारू नका. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नाव कळले का, एवढे विचारा."

आणि वाचकहो, खाणीच्या कामासाठी परप्रांतातून आलेले एखादे कुटुंब आपल्या मोहल्ल्यात उतरले असेल, तर ते आपल्यासारखे कधी होणार याची वाट पाहू नका. पहिल्या महिन्यातच त्यांच्या दाराशी जा, त्यांच्या गावाचे नाव विचारा आणि बाजाराची वाट दाखवा. अन्सारांचा वारसा याहून वेगळा नाही.