छायाचित्रातील जखम आणि सम्यक दृष्टी



मोर्चात डोके फुटलेल्या माणसाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते. चार जण ते पाहतात आणि त्यातला एक तरी म्हणतोच, "हे सगळे रंग लावून केलेले असते हो!" आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी हे वाक्य ऐकले. बोलणारे गृहस्थ दुष्ट नव्हेत. मला डिवचून ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या बुद्धानेच सांगितले ना, कशावरही विश्वास ठेवू नका म्हणून?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. ते आज देतो, कारण हाच प्रश्न तुमच्या मुलांनाही कोणीतरी विचारणार आहे.

केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी काय सांगितले? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. पण उपदेश तिथे संपत नाही. लोभ, द्वेष आणि मोह यांतून माणसाचे हित होते की अहित, असे ते पुढे विचारतात. म्हणजे कसोटी आपल्या मनालाही लावायची आहे. अविश्वास हाही एक निष्कर्षच आहे. तो कशातून उपजला हे तपासल्यावाचून त्याला बुद्धिवाद म्हणता येणार नाही. शंका घेणारा चौकशीला निघतो. अविश्वास धरणारा पान उलटतो.

दूरचे उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर २०१७ रोजी स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात, न्यायालयाने स्थगित केलेले सार्वमत लोकांनी घेतले. मतपेट्या जप्त करताना पोलिसांनी लाठ्या आणि रबरी गोळ्या चालवल्या. रक्ताळलेल्या माणसांची छायाचित्रे जगभर गेली. काही आठवड्यांनी स्पेनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सांगितले की, यातील पुष्कळ चित्रे खोटी आहेत. काही खोटी होतीच. २०१२ सालच्या संपातील एका जखमी मुलाचे चित्र त्यात खपवले गेले होते. पण रबरी गोळीने एका माणसाचा डोळा गेला, हेही तितकेच खरे होते. एका खोट्या चित्राच्या आड शेकडो खऱ्या जखमा झाकता आल्या.

आता आपल्या घरचे उदाहरण. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १० माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे कारण देण्यात आले आणि त्यासाठी चित्रफीतही पुढे करण्यात आली. किती सुशिक्षितांनी ते बिनतक्रार मान्य केले! पुढे गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्यास जन्मठेप सुनावली.

इथे थांबून विचार करा. जखमेचे चित्र खोटे वाटते, टँकरचे चित्र खरे वाटते. कॅमेरा तोच, कागद तोच. मग फरक कशात आहे? फरक चित्रातल्या माणसात आहे. ज्यांची साक्ष गावाने पिढ्यान्‌पिढ्या साक्ष मानली नाही, त्यांचे रक्तही पुरावा ठरत नाही. शिवाय विश्वास ठेवला तर काही करावे लागते, निदान लाज वाटावी लागते. न ठेवला तर जेवण गोड लागते. या स्वस्त शांतीलाच आपल्या धम्मात मोह म्हणतात.

पण बोट केवळ दुसऱ्याकडे दाखवून आपण सुटत नाही. आमच्या विहाराच्या फलकावर लावण्यासाठी एका तरुणाने लाठीमाराचे एक चित्र आणले. ते दुसऱ्या प्रांतातले आणि जुने निघाले. तो म्हणाला, "सर, चित्र दुसरीकडचे असले म्हणून काय झाले? मार तर आपल्याही लोकांनी खाल्लाच ना?" माझे मनही क्षणभर त्याच्याच बाजूने झुकले, हे कबूल करतो. मग चौथे शील आठवले. मुसावादापासून अलिप्त राहण्याचे शील आपण घेतले, तेव्हा 'आपल्या लोकांच्या हितासाठी सोडून' अशी सवलत घेतली नव्हती. आणि त्या खोट्याची किंमत कोणाला पडते? उद्या खरोखर मार खाणाऱ्याला. त्याची जखम लोक कॅटलोनियातल्यासारखी झटकून टाकतील. ते चित्र आम्ही लावले नाही.

तेव्हा घरात असे चित्र आले की मुलांना दोन प्रश्न विचारायला शिकवा. हे कोठले, केव्हाचे, कोणी काढलेले? आणि चित्रातला माणूस आपल्या बाजूचा नसता, तर मी हेच म्हणालो असतो का? पहिला प्रश्न चित्राला आहे, दुसरा स्वतःला. त्या शिक्षकबंधूंना मी आता एवढेच सांगेन : बुद्धाने डोळे मिटायला सांगितले नाही, नीट पाहायला सांगितले आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!