दुकानाची जागा, जागेचे दुकान

मुंबईच्या बाजाराचा इतिहास सांगताना आधी मंडई, मग वाण्याचे दुकान, मग डिपार्टमेंट स्टोअर आणि सरतेशेवटी मॉल अशी चढती भाजणी मांडली जाते. ग्राहकाची आवड बदलली आणि दुकाने तिच्यामागे गेली, असा त्यामागचा समज. मला तो पटत नाही. एका छपराखाली सगळा बाजार ही काही मॉलची देणगी नव्हे. 1869 मध्ये बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटात, म्हणजे आजच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत, ती सोय होती. दारावरच्या शिल्पकार लॉकवुड किपलिंगच्या शिल्पपट्टीत तर शेतकरीही कोरलेले आहेत. ठरलेल्या भावाचा माल हॉर्नबी रोडवरच्या व्हाइटअवे लेडलॉ या विलायती डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मिळे. त्याच इमारतीत पुढे खादी भांडार थाटले गेले, हा इतिहासाने केलेला झकास विनोद. आणि 1948 मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेल्या अपना बाजार या सहकारी भांडाराने नफा सभासदांचाच असू शकतो, हेही दाखवून दिले होते.

मग 1999 मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला, तेव्हा नवे काय आले? सरकते जिने आणि दारावरची निवड लोकांच्या लक्षात राहिली: क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा. माझ्या मते खरे नवेपण हिशेबात होते. वाणी तांदूळ विकतो, मॉलचा मालक जागा विकतो. गाळेधारकाकडून तो ठरलेले भाडे घेतो, वर अनेकदा विक्रीतला वाटा, शिवाय देखभालीचा खर्च. म्हणूनच मॉलचा जन्म ग्राहकाच्या मनात शोधण्यापेक्षा जमिनीच्या कायद्यात शोधावा. गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपाने गिरणगाव, म्हणजे कापडगिरण्यांचा भाग, मोडला. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक मालकाला, एक सार्वजनिक कामाला, एक घरबांधणीला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि इमारतींखालची जमीन मालकाच्या पदरात पडली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. लोअर परळला फिनिक्स मिलच्या धुराड्याखाली आज ब्रँडेड कपडे विकले जातात, ते या सगळ्याचे फळ आहे.

यावर कोणी म्हणेल, की जुना बाजार तरी आपल्या गुणांवर टिकला ना? अर्धे खरे. मंगळदास मार्केटचा कापडवाला गिऱ्हाईक ओळखतो, थान उलगडून दाखवतो, भावात चार पैसे सोडतो. पण जुन्या मुंबईतली कितीतरी दुकाने टिकली ती 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या आधाराने. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन मालकीशिवाय नुसता ताबा मिळालेल्या, गाळ्याचे भाडे नाममात्र राहिले, म्हणून तीन पिढ्या त्याच गल्ल्यावर बसल्या. भाड्याने मॉल जन्माला घातला, तसे भाड्यानेच बाजाराला जगवले. त्यामुळे बाजाराच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांशीही माझे जमत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मॉलने बायकांना स्वच्छ स्वच्छतागृह दिले, म्हाताऱ्यांना बसायला जागा दिली, भर मे महिन्यात गार हवा दिली. आणि सहकारी भांडारे मागे पडली ती बरीचशी स्वतःच्या ढिसाळपणामुळे. हे मान्य करायलाच हवे. पण स्वच्छतागृहासाठी बाईला मॉल गाठावा लागतो, यात मॉलच्या कौतुकापेक्षा महापालिकेची नामुष्की अधिक आहे. आणि सोयी एवढ्या मोलाच्या असत्या, तर मॉल ओस पडले नसते. खुद्द क्रॉसरोड्सचे नाव बदलले, मालक बदलले, आणि शेवटी गाळे रिकामे झाले. उलट 2002 मध्ये पवईत पहिले दुकान काढणाऱ्या डीमार्टने शक्यतो जागा विकत घेण्याचे धोरण ठेवले. तिथे ना झगमगाट, ना बसायला बाक, तरी रविवारी ट्रॉल्यांची रांग हटत नाही. भाड्याचा बोजा नसला की डाळ स्वस्त देता येते, इतका साधा तो हिशेब.

आता हाच हिशेब पागडीच्या दारात येऊन ठेपला आहे. भेंडीबाजारच्या पुनर्विकासात सुमारे साडेबाराशे दुकाने नव्या इमारतींत, मालकी हक्काने जाणार आहेत. तिथल्या अत्तरवाल्याला हक्काचा गाळा मिळेल, पागडीची टांगती तलवार जाईल. ही मोठीच गोष्ट. मात्र लिफ्ट, रखवालदार आणि वाहनतळ यांच्या देखभालीचे बिल दरमहा येऊ लागल्यावर ते अत्तराच्या कुप्यांवर भागेल, की मोबाइलच्या दुकानालाच परवडेल, हे अजून ठरायचे आहे.