पराभवाची तारीख

इ. स. पू. 390 च्या सुमारास, 18 जुलैला, अल्लिया नदीकाठी गॉल टोळ्यांनी रोमन सैन्याची दाणादाण उडवली. पाठोपाठ रोम शहरही लुटलं गेलं. लिव्ही या इतिहासकाराने कारणं स्वच्छ सांगितली आहेत: सेनापतींनी तळाची जागा नीट पाहिली नव्हती, तटबंदी केली नव्हती, आणि शत्रूने वळसा घालू नये म्हणून फळी इतकी ताणली की ती मधोमध विरळ झाली. पण रोमच्या पंचांगात 18 जुलै हा काळा दिवस म्हणून कायमचा नोंदला गेला.

एवढ्यावर भागलं असतं तर त्याला शोकदिन म्हणता आलं असतं. पुढे कुणाला तरी आठवलं, की सुल्पिशियस या सेनाधिकाऱ्याने 16 जुलैला, म्हणजे महिन्याच्या मध्यावर येणाऱ्या ‘आयड्स’च्या दुसऱ्या दिवशी, बळी दिला होता आणि देवांचा कौल मिळाला नव्हता. झालं, प्रत्येक महिन्यातला आयड्सनंतरचा दिवस वर्ज्य ठरला. त्याच न्यायाने ‘कॅलेंड्स’ आणि ‘नोन्स’ या महिन्यातल्या आणखी दोन ठरावीक दिवसांनंतरचेही. एका लढाईपायी वर्षाचे 36 दिवस बाद! मला यात भीतीइतकीच पळवाटही दिसते. दोष तारखेवर ढकलला की सेनापतींना जाब कोण विचारणार?

रोममध्येही हे न मानणारे होते. इ. स. पू. 69 मध्ये आर्मेनियाच्या राजाशी लढायला निघालेल्या लुकुलसला सहकाऱ्यांनी बजावलं, की आज 6 ऑक्टोबर, याच दिवशी किंब्री टोळ्यांनी आपली फौज कापून काढली होती. हाच दिवस रोमला शुभ करून दाखवतो, असं सांगून तो नदी उतरला आणि जिंकला.

युरोपातल्या ‘शुक्रवार, 13 तारखे’ची वाटचाल उलटी झाली. ख्रिस्ताला क्रुसावर चढवल्याचा वार म्हणून शुक्रवार मध्ययुगापासून अशुभ होता. एका टेबलावर तेरा जण नकोत, ही धास्ती सतराव्या शतकाच्या अखेरीस नोंदलेली सापडते. दोन्हींची सांगड पडली एकोणिसाव्या शतकात. 1907 मध्ये टॉमस लॉसनची त्याच नावाची शेअर बाजारावरची कादंबरी आली आणि ती धास्ती आणखी पसरली. मग पुराव्याची शोधाशोध झाली. फ्रान्सच्या राजाने टेम्पलर सरदारांना पकडलं तो 13 ऑक्टोबर 1307 चा शुक्रवार होता खरा, पण या समजुतीशी त्याचं नातं जोडलं गेलं विसाव्या शतकात.

आपल्याकडे पानिपतचं असंच झालं. 14 जानेवारी 1761, म्हणून ‘ऐन संक्रांतीला’ मराठ्यांचा घात झाला, असं अनेक जण आजही सांगतात. पण संक्रांतीची तारीख शतकागणिक पुढे सरकत आली आहे. विवेकानंद 1863 मध्ये संक्रांतीला जन्मले, ती तारीख होती 12 जानेवारी. त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी अलीकडे येत असे. म्हणजे लढाईच्या दिवसापर्यंत संक्रांत होऊन गेली होती. रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले त्याआधीच, डिसेंबरात मारले गेले होते, आणि छावणीत माणसांची आणि जनावरांची उपासमार चालू होती.