पंगत एक, हिशेब निराळा

अन्न हे केवळ पोट भरण्याचे साधन नव्हे, हा संस्कार आपल्या घरांतून लहानपणीच होतो. परंतु आपण कोणाचे अन्न खातो, कोणाच्या शेजारी बसून खातो आणि वाढणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करण्याचा प्रसंग आम्हांवर परदेशी आला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या कित्येक कुटुंबांतील मुले आज नोकरी-शिक्षणानिमित्त जर्मनीत आहेत. आम्ही उभयता असेच काही आठवडे म्यूनिक शहरी चिरंजीवांकडे राहिलो. ज्येष्ठातील एका सायंकाळी त्यांच्या कचेरीतील एक वयस्क जर्मन गृहस्थ व त्यांच्या पत्नी यांच्यासह एका जुन्या भोजनगृहात जाण्याचा योग आला. आत लांबच लांब लाकडी बाके होती आणि एकही मेज मोकळे नव्हते. आम्ही परत फिरणार, तोच त्या गृहस्थांनी एका मेजाशी जाऊन ‘येथे जागा आहे काय?’ असे नम्रपणे विचारले. बसलेली मंडळी सरकली. एका बाजूस एक विद्यार्थी, दुसऱ्या बाजूस कामावरून आलेले दोन गवंडी आणि मध्ये आम्ही, अशी पंगत जमली. अनोळखी माणसांनी असे एका मेजाशी बसणे ही त्या प्रांतातील साधी रीत आहे.

आम्ही शाकाहारी. तिकडे बटाट्याच्या कोशिंबिरीतसुद्धा पुष्कळदा मांसाचा रस्सा असतो, हे ठाऊक असल्याने त्या गृहस्थांनी स्वतः उठून मुदपाकखान्यात चौकशी केली. अखेर आमच्यापुढे उकडलेले बटाटे, लोणी आणि आपल्या शतावरीच्याच कुळातील पांढरे जाड कोंब आले. हे कोंब तेथे वसंतापासून २४ जूनपर्यंतच काढतात व मोठ्या आवडीने खातात. पाणी मात्र विकत घ्यावे लागले. जेथे पाणपोई घालणे पुण्य मानतात, त्या देशातील आम्हांस ते खटकले, हे कबूल केले पाहिजे.

जेवण संपल्यावर वाढणाऱ्या बाईंनी तेथील नेहमीचा प्रश्न विचारला: ‘एकत्र की निरनिराळे?’ आम्ही तत्काळ पाकीट काढून ‘एकत्र’ म्हणालो. त्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “आज आपण सारे मिळून आलो आहोत. माझे मला देऊ द्या. मी आपणांस बोलावीन, तेव्हा मी देईन.” आम्हांस प्रथम अपमान झाल्यासारखे वाटले. ज्याने आमच्यासाठी मुदपाकखान्यात खेप घातली, त्याला आमच्या चार पैशांचे वावडे का असावे?

घरी परतताना चिरंजीवांनी उलगडा केला. तेथे ज्याने आमंत्रण दिले, त्याने पैसे द्यावयाचे. पण नुसते सोबत जेवावयाचे असेल, तर ज्याचे त्याने. यात रुक्षपणा नाही. कोणावर ओझे न टाकण्याची दक्षता आहे. मग आम्हांस आपल्याकडील प्रसंग आठवू लागले. पैसे देण्यासाठी आपण एकमेकांचे हात धरतो, ओढाताण करतो. आणि घरी आल्यावर ‘आम्ही तीनदा दिले, त्यांनी एकदा’ असे मोजीतही बसतो. ज्याच्या खिशाला हे झेपत नाही, तो हळूहळू येईनासा होतो. तो का येत नाही, हे कोणी विचारीत नाही.

त्याच शहरातील झाडांखालच्या उपाहार-उद्यानांची कथा याहून बोधक आहे. बव्हेरियाचा राजा पहिला माक्सिमिलियान योसेफ याने १८१२ साली बियर गाळणाऱ्यांस आपल्या तळघरांपाशी पेय विकण्याची मुभा दिली, पण पावाखेरीज खाद्य विकण्यास मनाई केली. म्हणून लोक घरची शिदोरी आणू लागले, आणि जुन्या पद्धतीच्या उद्यानांत ती चाल आजही आहे. आम्हीही एका दुपारी चेस्टनटच्या सावलीत धपाटे व लिंबाचे लोणचे सोडून बसलो. कोणी भुवई उंचावली नाही. शिदोरी ज्याची त्याची, बाक सर्वांचे.

यावरून त्यांचे सारे थोर व आपले सारे हीन, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या हाती पैसा नाही, त्याला त्या भोजनगृहात पान मिळणार नाही. आपल्या अन्नछत्रात ते मिळते, आणि ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आपण अन्न एकत्र ठेवले व पंगती मात्र शतकानुशतके वेगळ्या मांडल्या, हेही तितकेच खरे. पंढरीच्या विठ्ठलाचे दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले, याचा विसर पडता कामा नये. आज जातीचा पंक्तिभेद उघडपणे कोणी बोलून दाखवीत नाही. पण महाप्रसादाच्या वेळी मोठ्या देणगीदारांसाठी पुढची पाने राखून ठेवणे आणि यजमानांची नावे रकमेसह वाचणे, हा त्याचाच नवा अवतार नव्हे काय? ज्याने अकरा रुपये दिले, त्याच्या घशाखाली तो घास कसा उतरत असेल?

उत्तर शोधण्यास म्यूनिकला जाण्याची गरज नव्हती. ते आपल्या गोपाळकाल्यात आहे. काल्यात प्रत्येकाची शिदोरी असते, म्हणून कोणी कोणाचा मिंधा नसतो. आणि ती एकदा कालविली की कोणाचे पोहे कोणते, कोणाचे दही कोणते, हे कृष्णासही सांगता येत नाही. ज्याची शिदोरी रिकामी, त्याचाही हात त्याच भांड्यात जातो.

येत्या उत्सवात निदान एक दिवस नावे न वाचता, पाने न राखता महाप्रसाद व्हावा. ज्याने त्याने यथाशक्ति मूठभर शिधा आणावा, आणि जो येईल त्याने जागा असेल तेथे बसावे, अशी आमची सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती आहे. ‘येथे जागा आहे काय?’ असे कोणी विचारल्यास आपण थोडे सरकावे, इतकेच.