शेजाऱ्याला कोण विचारतो?

जमीन ज्याची, निर्णय त्याचा, असे आपण सहज म्हणून जातो. पण गावाला लागून शेकडो घरांची वसाहत उभी राहते, तेव्हा पाणी गावच्याच नदीतून उचलले जाते, सांडपाणी गावच्याच ओढ्याला मिळते आणि डंपर गावच्याच रस्त्याने धावतात. मग निर्णय एकट्या मालकाचा कसा? घर विकत घेणाऱ्यासाठी २०१७ पासून महारेरा आहे. प्रकल्पाच्या मंजुऱ्या आणि ताब्याची तारीख त्याला घरबसल्या पाहता येते. मालकाची सोय झाली, ग्राहकाची झाली. राहिला तो शेजारी. त्याचा हक्क कोणता आणि किती, हा आमच्या मते कायद्याआधी नीतीचा प्रश्न आहे.

आपल्या वाचकांना ‘हक्के-शुफा’ हा शब्द परका नाही. जमीन किंवा घर विकले जात असेल, तर ते आधी विकत घेण्याचा हक्क भागीदाराला मिळतो. हनफी मतानुसार तो लगतच्या शेजाऱ्यालाही मिळतो, शाफई मतानुसार नाही. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही हा हक्क ओळखला होता. १९६२ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने भाऊ राम विरुद्ध बैजनाथ सिंग या खटल्यात, केवळ शेजारीपणावर आधारलेला हा हक्क घटनेशी विसंगत ठरवला. त्यामागचे एक कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. परक्या धर्माच्या वा जातीच्या माणसाला वस्तीबाहेर ठेवण्यासाठी असा हक्क वापरला जातो, आणि माणसांची अशी वाटणी लोकहिताची नाही.

हा निकाल आम्हाला पटतो. नाव ऐकल्यावर खोली नाकारली जाते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठीला आहे. शेजाऱ्याला नकाराचा अधिकार दिला, तर त्याचा पहिला वार आपल्यावरच होईल. म्हणून हद्द नीट आखली पाहिजे. शेजारी कोण राहायला येणार, हे ठरवण्याचा हक्क कोणालाही नाही. पण काय बांधले जाणार, पाणी कुठून येणार, मैला कुठे जाणार, हे विचारण्याचा हक्क सर्वांना आहे.

या दृष्टीने वारणानगरकडे पाहावे. तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात इथे सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला आणि कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालये, दूधसंघ असे एक नगर उभे राहिले. सहकारात सभासदाला सभेत उभे राहून हिशेब विचारता येतो. पण तिथेही प्रश्न उरतोच, की सभासद कोण? ज्याचा ऊस, तो. ऊस तोडणाऱ्याला त्या सभेत मत नाही. १९९८ मध्ये वारणा परिसरातील सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प देशभर गाजला. प्रत्यक्षात त्याचा उपयोग झाला तो मुख्यत्वे उसाची नोंद, वजन आणि बिल यांसाठी. माहिती गावात आली, पण तिचे दार शेतमालकापुरतेच उघडले.

केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतली एक विसंगती तर अधिकच बोलकी आहे. मोठा साखर कारखाना काढायचा, तर तिच्यानुसार लोकांची जाहीर सुनावणी घ्यावी लागते. मात्र बांधकाम प्रकल्प आणि टाउनशिप यांना त्याच अधिसूचनेने सुनावणीतून वगळले. म्हणजे उद्या वारणाकाठी वसाहत आली, तर धुराड्याबद्दल बोलू शकणाऱ्या गावाला हजारो घरांच्या सांडपाण्याबद्दल त्या व्यासपीठावर बोलता येणार नाही. हा ‘उद्या’ फार दूर नाही. कोल्हापूर शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्येच नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले आहे.

न विचारण्याचा शेवट कुठे होतो, हे मुळशीच्या लवासाने दाखवले. २००८ मध्ये राज्य शासनाने तिथल्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. बांधणारा तोच, परवानगी देणारा तोच. मग हरकत घ्यायची कोणापुढे? २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले, २०१७ मध्ये तो दर्जा गेला आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. पैसे भरून बसलेले ग्राहकही त्यात अडकले.

उलट उदाहरण मुंबईचे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. लोकांनी वस्तीवस्तीत नकाशे पसरून ते वाचले, आणि उभ्या इमारतींवरून रस्ते आखल्यासारख्या चुका बाहेर आल्या. हरकतींचा आकडा हजारोंच्या घरात गेला. एप्रिलमध्ये शासनाने तो मसुदाच बाजूला ठेवला आणि २०१६ मध्ये नवा आला. महानगराचा नकाशा लोकांच्या बोलण्याने बदलू शकतो, तर तालुक्याचा का नाही?

कळवणे आणि विचारणे यांत अंतर आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची तरतूद आहे. पण राजपत्रातली सूचना आणि गट क्रमांकांनी भरलेला नकाशा ज्याला वाचता येत नाही, त्याला काय कळले? मशवरा त्यालाच म्हणावे, जो निर्णयाआधी होतो आणि ज्याने निर्णय बदलू शकतो. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम तर सांगते, की लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची वस्तुस्थिती न मागता प्रसिद्ध करावी आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा. २००५ पासून ही तरतूद आहे. ती वापरायला लावणे आपल्या हाती आहे.

इथे समाजाला एक विनंती. आराखडा आला की कब्रस्तानाचे आरक्षण आहे का, एवढे पाहून थांबू नये. ते पाहायलाच हवे. पण मयताच्या जागेइतकीच जिवंत माणसांच्या पाण्याची, शाळेची, गटारीची चौकशीही आपलीच आहे, आणि ती साऱ्या गावाबरोबर करायची आहे. जमातीच्या बैठकीत नकाशा वाचायला एखादा तरुण अभियंता बोलवावा. ग्रामसभेत तोच नकाशा मराठीत समजावून मागावा. नोंदवलेल्या प्रत्येक हरकतीला, ती फेटाळली तरी, लेखी कारण मागावे. आणि त्या सभेत भाडेकरूला, ऊसतोड मजुराला, ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा प्रत्येकाला बोलू द्यावे. जमीन मालकाची असली, तरी पाणी आणि रस्ता सगळ्यांचा असतो.