तक्रारीचं बटण आणि मत

भिंगारकर ज्या ऑफिसात कर भरतो ते महापालिकेचं नाही, ग्रामपंचायतीचंही नाही. ते छावणी मंडळाचं, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशातल्या बहुतेक छावणी मंडळांतल्या लोकनियुक्त सदस्यांची मुदत संपली. मग आली तिघांची मंडळं: लष्करी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेला एक नागरिक. त्याच महिन्यात, १६ तारखेला, 'ई-छावणी' पोर्टल सुरू झालं. जन्मदाखला, नळजोडणी, परवाने, कर, सगळं ऑनलाइन. ३० एप्रिल २०२३ चं मतदान जाहीर झालं आणि मार्चमध्येच रद्द झालं.

पोर्टलला मी नावं ठेवणार नाही. असली पोर्टलं बनवणं हा माझाच धंदा. आमच्याकडे प्रत्येक तक्रारीचं 'तिकीट' होतं. ते उघडतं, कुणाकडे तरी जातं, बंद होतं. रस्त्यावरचा दिवा तिकिटात बसतो. पण छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या स्थानिक संस्थांत विलीन करायचं केंद्राचं धोरण आहे. भिंगारने महापालिकेत जावं की वेगळं राहावं, हे कुठल्या तिकिटात लिहायचं? घरपट्टीपासून बांधकामाच्या परवानगीपर्यंत सगळं त्यावर ठरणार आहे.

मग मतं मागवणारा फॉर्म काढावा? २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या मसुद्यावर लाखो ईमेल गेले. मसुदा इतर भारतीय भाषांत आणा, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. शिवाय प्रत्येक ईमेल एकटा वर गेला. शेजाऱ्याने काय लिहिलं, कुणाला दिसलं नाही.

आपल्याच नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पिकं ठरतात. ज्याला 'यंदा हे पीक नको' ऐकावं लागतं, तो ते चारचौघांत ऐकतो, भांडू शकतो. अर्थात सभेतही सगळे बोलतात असं नाही. बायका गप्प बसतात, मजूर कामावर असतो. नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला तर फोनच बरा.

म्हणून मला असं काहीतरी हवंय: भिंगारचा प्रस्ताव मराठीत, प्रत्येकाचं मत सगळ्यांना वाचता येईल असं, लिहिता न येणाऱ्याला बोलून नोंदवता येईल असं. शेवटी निर्णय आणि त्याची कारणं, सहीसकट. बनवायला फार अवघड नाही. मी अडतो तो सहीच्या रकान्यापाशी. वॉर्डातल्या लोकांनी ज्याला जाऊन जाब विचारावा, असं कुणाचं नाव तिथे घालू?