निदान

दुखण्याला कारण असलेच पाहिजे, असे आपण सारे धरून चालतो. पाय मुरगळला म्हणून दुखतो, उन्हात हिंडलो म्हणून डोके चढले. इथपर्यंत ठीक आहे. पण कारण सापडले नाही म्हणजे दुखणेही नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? हा प्रश्न मला उशिरा पडला. तो उशिरा का पडला, हे सांगितल्यावाचून पुढे लिहिण्यात अर्थ नाही.

माझी थोरली बहीण आमच्याकडे जानेफळलाच असते. आम्ही तिला आक्का म्हणतो. सहा-सात वर्षांपूर्वी तिच्या तळपायांची आग होऊ लागली. रात्री ती ओले फडके पायांना गुंडाळून ओट्यावर बसे. मग बोटांना मुंग्या, मग मानेतून खांद्यात उतरणारी कळ, मग एक गाल बधिर. आज इथे, उद्या तिथे. गावातल्या दवाखान्यातून मेहकरला, मेहकरहून बुलढाण्याला, तिथून अकोल्याला अशी आमची वारी झाली. साखर नाही, रक्त ठीक, मेंदूचा फोटो स्वच्छ. मध्ये एका नातलगाने तिला सैलानीलाही नेऊन आणले. होळीच्या सुमारास तिथे नारळांची होळी पेटते आणि डॉक्टरांनी हात टेकलेली माणसे गर्दी करतात. तिथून ती धुराने लाल झालेले डोळे तेवढे घेऊन आली.

शेवटचा लिफाफा घेऊन आम्ही एसटीने परतत होतो. मी तिला म्हटले, "आक्का, काहीएक निघालं नाही. आता हे मनातून काढून टाक." ती "बरं" म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. त्यानंतर तिने पायांचे नाव काढले नाही. मी समजलो, गुण आला. मी कादंबऱ्या लिहितो. माणसांच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला कळते, असा माझा समज होता.

गेल्या पावसाळ्यात फळ्यावर गणित मांडताना खडू माझ्या बोटांतून निसटला. उचलला, तर पुन्हा निसटला. पोरे हसली, मीही हसलो. महिन्याभरात पायांना मुंग्या आल्या, मान धरली, पायऱ्या उतरताना जमीन कापसाची वाटू लागली. तपासण्या सुरू झाल्या. रिपोर्ट निर्दोष यावा म्हणून देव पाण्यात ठेवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. काहीतरी निघू दे म्हणून ठेवणारा मी मलाच पहिला भेटलो. त्रास असणाऱ्याला 'काही नाही' हे शब्द सुटकेसारखे वाटत नाहीत, आरोपासारखे वाटतात.

माझे काहीतरी निघाले. बी-बारा जीवनसत्त्व फार कमी होते. ते मांस, अंडी, दूध अशा प्राणिजन्य अन्नातूनच मिळते, आणि आमच्या माळकऱ्यांच्या घरात चहापुरतेच दूध. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांत हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. ते संशोधन 2006 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे माझे दुखणे अगदी चारचौघांसारखे. इंजेक्शने घेतली, मुंग्या गेल्या, खडू हातात राहू लागला. मानेची कळ मात्र अजून आहे, भाडेकरूसारखी. घरात चूल एकच, म्हणून डॉक्टरांनी आक्काचेही रक्त तपासायला लावले. तिचे सगळे ठीक निघाले. पुन्हा एकदा!

आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवते. डिसेंबर 2024 मध्ये घाटाखाली, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. पाणी तपासले, टाळूची त्वचा तपासली, दिल्लीहून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरील उपचारांमुळे नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः गावांत फिरले. अठरा गावांतल्या 279 लोकांना हा त्रास झाल्याचे आणि रेशनच्या गव्हात स्थानिक गव्हाच्या सहाशे पट सेलेनियम असल्याचे त्यांनी 2025 च्या फेब्रुवारीत सांगितले. त्या लोकांना डोकेदुखी होती, मुंग्याही येत होत्या. पण नुसत्या मुंग्यांसाठी दिल्लीहून कोण आले असते? त्याच जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला पुष्कळांचे हातपाय लुळे पडले, गीयाँ-बारे हे नाव घराघरांत गेले आणि पाण्याचे नमुने घेणे सुरू झाले. पुष्कळांना एकदम झाले की आपण त्याला साथ म्हणतो. एकट्या बाईला झाले की तिचा स्वभाव म्हणतो.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. माझे विज्ञान मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. पण त्यांपैकीच एकाने मला समजावले, की विजेचे हलके धक्के देऊन नसांची जी तपासणी करतात तिच्यात जाड तंतूंचेच काम कळते. आग आणि चटका यांची वर्दी देतात ते बारीक तंतू. ते दुखावले तरी कागद स्वच्छच येऊ शकतो. त्याची वेगळी तपासणी असते, ती मोठ्या शहरात. आक्काला तिथे न्यावे का? तिथेही काही निघाले नाही तर? कारणाच्या पाठीमागे लागून शेत विकलेली माणसे मला ठाऊक आहेत, आणि तिची तशी फरपट व्हावी असे मला वाटत नाही. शोध कुठेतरी थांबवावा लागतो. पण शोध थांबवणे आणि विश्वास थांबवणे ही दोन निराळी कामे आहेत. मी ती एसटीत एका वाक्यात उरकली होती.

आपल्या भाषेत 'निदान' हा शब्द मोठा विलक्षण आहे. वैद्यांच्या पोथीत त्याचा अर्थ रोगाचे मूळ कारण. माधवनिदान हा ग्रंथ हजाराहून अधिक वर्षांचा जुना. घरच्या बोलण्यात मात्र त्याचा अर्थ कमीत कमी. निदान पाणी तरी घ्या, निदान बसा तरी. आक्काला पहिले निदान कोणी देऊ शकले नाही. दुसरे माझ्या हातात होते.

परवा ती अनारसे तळत होती. मी दाराशी उभा राहून पाहत होतो. ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेई, थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यावर. इतकी वर्षे ती अशीच उभी राहत असणार.

"आक्का, पाय अजून पेटतात का गं?"

तिने वळून पाहिले नाही. "सणासुदीचं कायले ते, बापू?"

"सांग तरी."

तिने कढईतला अनारसा निथळून काढला, गॅस बारीक केला. "कुठून सांगू?"

"पहिल्या रात्रीपासून."

तिने झारा बाजूला ठेवला आणि पाट ओढून बसली.